बेसबॉल, व्हाया रहिमतपूर

१४ मे २००६, रविवार. नेपरव्हिल

सकाळी चहाला वादळ. तेजसची पदवी कालच झाली. आज म्हणतो, शिकागोच्या विमा कंपनीत जानेवारीत रुजू होईन, त्यांना विचारलंय, ते थांबतील. तोवर बेसबॉल. विनूने कप खाली ठेवला. म्हणाला, खांद्याचं ऑपरेशन होऊन चेंडू फेकणं बंद झालं तेव्हाच हा विषय संपला होता ना?

"बाबा, आय नो आय कान्ट पिच. खेळायला नाही जात आहे. कामाला जातोय."

काम काय, ते हळूहळू बाहेर आलं. इथून पश्चिमेला तासाभरावर, मक्याच्या शेतांत एक गाव. त्या गावाचा छोटा क्लब. टीव्हीवर दिसतात तसल्यांतला नव्हे. तिथे पडेल ते करायचं. पाऊस आला की मैदानावर ताडपत्री ओढायची, तिकिटं विकायची, आणि क्लबचं सोंग घालून पोरांना हसवायचं. सोंग म्हणजे माणसाएवढं मक्याचं कणीस. शुभा म्हणाली, "चार वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकला आणि सुनेच्या पदरात कणीस." (सून म्हणजे ती स्वतःच. रागावली की स्वतःला सून म्हणते.) मला हसू येत होतं, चहात तोंड घातलं.

ठरलं ते असं. हा एक उन्हाळा. यात त्याला बेसबॉलमध्ये कायमची नोकरी मिळाली तर विनू पुढे बोलणार नाही. नाही मिळाली तर जानेवारीत शिकागोची ट्रेन. बापलेकांनी हात मिळवले, परक्या माणसांसारखे.

मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं. मी नातवाच्या बाजूने बोललो असतो, आणि का ते सांगता आलं नसतं.

३ जून, शनिवार

शुभाबरोबर त्याचं मैदान पाहून आलो. मका अजून घोट्याएवढा. गाडीतून बघता बघता तिसरीच्या पुस्तकातली शेताची कविता आठवली. आपटे गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि अख्खा वर्ग डुलायचा. पहिल्या दोन ओळी आपोआप आल्या. तिसरी अडली. परत येईपर्यंत शोधत होतो.

कणीस लांबून ओळखलं. उजवा खांदा जरा मागे ठेवून चालत होतं. लहान मुलं त्याला लोंबकळत होती. शुभाने फोटो काढला नाही.

खेळ मला निम्मा कळतो. पण वर काचेच्या खोलीतून एक म्हातारा आवाज येत होता. आता अमुक खेळायला येतोय, त्याचा नंबर अमुक. त्या आवाजाने मी चक्क उभा राहिलो. शुभाला वाटलं, मला बाथरूमला जायचंय.

कराडच्या स्टँडवर मी जन्मभर तेच केलं. फलाट, गाडी, मार्ग. ही म्हणायची, घरात जेवायला बोलावता तेही फलाटावर बोलावल्यासारखं. आता म्हणायला ही नाही.

१८ जून, रविवार

तेजसने (हात दुखतो, यापुढे नुसतं ते. लिहीन) त्या आवाजाशी ओळख करून दिली. नाव वॉल्ट. माझ्याच वयाचा, गुडघे माझ्याहून वाईट. याच उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार. माइकला रुमाल बांधलेला. मीही बांधायचो. का बांधतो हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ते.ने सांगितलं, माझे आजोबा बस स्टँडवर अनाऊन्सर होते. वॉल्टने टोपी काढली. थट्टा नव्हती ती. त्याने विचारलं, लोक ऐकायचे का? मी म्हटलं, नाही ऐकायचे, म्हणून दोनदा सांगायचो. तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

ते.च्या मनात काय आहे ते परतताना कळलं. त्याला ती खुर्ची हवी आहे. क्लब चालवणारी बाई, डेबी, तिने मधल्या वारचे सामने त्याला करून बघायला दिलेत. म्हणाला, "आजोबा, प्रत्येक टीमला स्टार नऊ-दहाच लागतात. बाकीचे पण बेसबॉलच करत असतात ना?"

हे वाक्य मी विनूच्या कानावर घालणार होतो. रात्री त्याचा चेहरा बघून राहिलं.

२७ जून, मंगळवार

त्याचा पहिला सामना माइकवर. ऐकवेना. टेलिफोन नंबर सांगावेत तशी नावं सांगत होता. त्याला स्वतःलाही कळलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बोला."

मी म्हटलं, तू वाचतोस. हाक मारत नाहीस.

मग स्टँडचं सांगितलं. बाई बोचक्याला टेकून बसलेली असते, पोर मांडीवर झोपलेलं. तिला गाडीचा नंबर कळत नाही, फलाट कळत नाही. तिला फक्त तिचं गाव कळतं. तेव्हा गावाच्या आधी क्षणभर थांबायचं, म्हणजे तिची मान वर होते. मग गाव. मग परत थांबायचं, म्हणजे तिला पोर उचलता येतं. मसूर, रहिमतपूर... आणि थांबून, कोरेगाव.

शुभा गाडी चालवत होती. ती म्हणाली, "मला कोरेगावला उतरावंसं वाटलं."

ते. म्हणाला, "शिकवा मला." कुणी मला 'शिकवा' म्हणून किती वर्षं झाली. मान हलवली.

२ जुलै, रविवार

गॅरेजमध्ये वर्ग. झाडूचा दांडा हा माइक. मी त्याला यमाताराजभानसलगा पाठ करायला लावलं. त्याला वाटलं मंत्र आहे. म्हटलं, मंत्रच आहे, शाळेतला. लघू-गुरू सांगितले. त्यांच्या संघात एक डोमिनिकन मुलगा आहे, अल्सिदेस रोब्लेदो. नाव काय सुरेख. गुरू लघू गुरू लघू, मग ओळीने तीन गुरू. पहिलं धावतं, दुसरं मांडी घालून बसतं. ते.ने चार-पाचदा म्हटलं आणि सहाव्यांदा गॅरेजमधून एक माणूस बाहेर चालत यावा तसं नाव आलं.

विनू गवत कापायचं मशीन न्यायला आला. दारात थांबला. मशीन घेऊन गेला. गवत कालच कापलं होतं.

६ जुलै, गुरुवार

फजिती, आणि सगळी माझ्यामुळे. मी म्हटलं होतं प्रत्येक नाव दोनदा घे. त्याने घेतलं. दुसऱ्या डावापासून लोक तिसऱ्यांदा ओरडायला लागले, हसत. पाहुण्यांचा एक बॅटर तर दुसऱ्यांदा नाव ऐकून मागे वळून बघत राहिला, आपल्या नावाचा दुसरा कोण येतोय म्हणून. डेबीने चिठ्ठी पाठवली, हे थांबव.

ते. चिडला. "आजोबा, इट्स नॉट अ बस स्टँड."

"खरं आहे बाळा. इथे कुणाची गाडी चुकत नाही."

वॉल्टने सोडवलं. म्हणाला, तुमचा मुलूख वेगळा. तिथे ऐकणाऱ्याला गाडी दिसत नव्हती. इथे माणूस डोळ्यांसमोर उभा आहे. दुसऱ्यांदा सांगणं सोडा, थांबणं ठेवा. बरोबर होतं. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. वॉल्टने हे ते.च्या समोर सांगितलं आणि तरी मला कमीपणा वाटू दिला नाही. असा माणूस सातासमुद्रापार या वयात भेटावा, हे माझं भाग्य.

२२ जुलै, शनिवार

इथल्या मराठी मंडळाच्या गणपती मीटिंगला विनूने देशपांड्यांना सांगितलं, तेजस बेसबॉल क्लबच्या मॅनेजमेंटमध्ये आहे. देशपांडे मंडळाचे खेळ-सहल वगैरे बघतात. ऐकताच जाहीर केलं, मग आपण सगळे जाऊ, तेजसला चिअर करू. शनिवार, १२ ऑगस्ट. बस करायची. ते.ला कळलं तर तो खूश. ग्रुप तिकिटं विकणं हेही त्याचंच काम. म्हणाला, थँक यू बाबा.

विनू पांढरा पडला. वर येऊन मला म्हणाला, "त्या दिवशी ते कणीस घालू नको म्हणून तुम्ही सांगा ना त्याला."

मी म्हटलं, तूच सांग.

त्याने सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

कालचं सगळं लिहून ठेवतो, हात दुखला तरी.

बस भरून माणसं. आणि आपल्या लोकांनी करायचं तेच केलं. ॲल्युमिनियमचे मोठाले ट्रे, बटाटेवडे, दहीभात, पुऱ्या, कुणी श्रीखंड. गेटवरचा गोरा माणूस म्हणाला, बाहेरचं खाणं आत नाही. देशपांडे म्हणाले, आम्ही मॅनेजमेंटची माणसं आहोत. तो म्हणाला, कोण मॅनेजमेंट? देशपांड्यांनी ते.चं नाव सांगितलं. त्याने वॉकीटॉकीवर बोलावलं.

आतून कणीस आलं. डुलत डुलत, मागे चार पोरं. गेटशी येऊन त्याने दोन्ही हातांनी डोकं काढलं. आत तेजस, घामाने निथळलेला.

"काका, हे आत नेता येणार नाही. सॉरी."

"तेजस? अरे, तू मॅनेजमेंटमध्ये ना?"

"हो काका. आत्ता गेट मॅनेज करतोय."

विनू पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत होता, सगळ्या मोजाव्यात तसा. मग एक काकू म्हणाल्या, कणसाला भूक लागली असेल. पार्किंगच्या कडेला हिरवळ होती, ते.ने परवानगी काढून तिथेच पंगत बसवली. स्वतः उभ्याने जेवला, सोंगात बसता येत नाही. कणीस दहीभात खाताना मी प्रथमच बघितलं. गेटवाल्याने दोन वडे खाल्ले आणि तिसरा मुलासाठी कागदात बांधून घेतला.

चौथ्या डावात पाऊस. ते. सोंग भिरकावून धावला. आठ-दहा जण ती अजस्र ताडपत्री ओढत होते, वाऱ्याने ती फुगत होती, एकदा ते.ला घेऊन वर उचलली गेली. विनू उभा राहिला. "खांदा," एवढंच म्हणाला. ताडपत्री बसली. ते. चिखलात गुडघ्यावर, हसत होता.

लोक उठायला लागले. आपलेही छत्र्या शोधत होते. तेवढ्यात वॉल्टने माइकवरून ते.ला वर बोलावलं. शनिवार वॉल्टचा असतो. पण पाऊस पडतो तोवर लोकांशी बोलत बसायला घसा लागतो, तो आता नाही म्हणाला. थोडा वेळ काहीच नाही, नुसता पाऊस. मग ते.चा आवाज.

गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. त्याने संघातला एकेक खेळाडू घेतला आणि तो कुठून कुठून इथवर आला ते सांगू लागला. समुद्राकाठचं एक खेडं. तिथून फ्लोरिडा. तिथून टेक्सास, दोन उन्हाळे. तिथून मेक्सिको, कारण टेक्साससाठी तो फारच म्हातारा झाला होता, पंचवीस वर्षांचा. तिथून... आणि थांबला. आणि मग, या गावात, आज रात्री, पावसात, अल्सिदेस रोब्लेदो.

एकदाच. दोनदा नाही.

मग दुसरा. नेब्रास्का, कॅन्सस, मधे वर्षभर बापाच्या दुकानात, मग इथे. मग तिसरा. उठलेली माणसं बसली. खेळाडू आडोशातून बाहेर येऊन कठड्याशी उभे राहिले, आपापला रस्ता ऐकायला. यातला एकही टीव्हीवर दिसणार नाही. त्यांना ते माहीत आहे. तरी प्रत्येकाचं नाव आलं की त्या माणसाची मान वर होत होती.

विनू माझ्या शेजारी, प्लास्टिकच्या कोटात. पाचवं-सहावं नाव असेल. समोर बघतच म्हणाला, "बाबा. मसूर, रहिमतपूर, कोरेगाव."

मी म्हटलं, "हो."

शाळा सुटली की तो स्टँडवर यायचा. कर्ण्याखालच्या बाकावर बसून गणितं करायचा, माझी पाळी संपेपर्यंत. मला वाटायचं त्याला त्या आवाजाचा त्रास होतो. कधी बोलला नाही. काल तरी कुठे बोलला. चष्मा पुसत होता. पाऊसच होता, सगळेच पुसत होते.

सामना हरले. बसमध्ये देशपांडे म्हणाले, विनायकराव, मॅनेजमेंट एक नंबर. विनू हसला. खरंच हसला.

४ सप्टेंबर, सोमवार

हंगाम संपला. शेवटचा डाव वॉल्टने ते.ला दिला आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, मैदानात बसून कधी ऐकलंच नव्हतं. आम्ही दोघे एकाच पिशवीतले शेंगदाणे खात ऐकत बसलो.

नंतर डेबीने ते.ला बोलावलं. खुर्ची तुझी, म्हणाली. पण खुर्ची म्हणजे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, आणि ऑफिसात बारमाही घ्यायला त्यांच्याकडे जागा नाही. खुर्ची आहे, नोकरी नाही. ती रडवेली झाली होती, ते.च तिची समजूत काढत होता.

घरी विनू म्हणाला, "मग जानेवारी." आवाज कडक नव्हता. उलट त्यालाच कुणीतरी ते सांगितलंय असा होता.

२१ ऑक्टोबर, शनिवार. लक्ष्मीपूजन

मंडळाच्या दिवाळीत निवेदन ते.कडे. देशपांड्यांनी ओळख करून दिली, आपले माजी कणीस. नाचाला नावं पुकारायची होती. एक चिमुरडी पडद्याआड रडत होती, येईना. ते.ने तिचं नाव घेतलं, आडनावाआधी थांबून. ती रडायची थांबली आणि बाहेर आली, आपणच ती कुणी मोठी बाई असल्यासारखी.

विनू व्हिडिओ घेत होता. कॅमेरा मुलीवर नव्हता.

९ डिसेंबर, शनिवार

बेसबॉलवाल्यांची दरवर्षी मोठी बैठक भरते, तिथे नोकऱ्यांचा बाजारही असतो. ते. जाऊन आला. म्हणाला, शेकडो पोरं, सगळ्यांचे तसलेच सूट. प्रत्येकाला विचारायचे, दहा वर्षांनी कुठे असशील? प्रत्येक जण म्हणायचा, संघ चालवत असेन. याने काय सांगितलं? "मी म्हटलं, इन द बिल्डिंग." म्हणजे काय? म्हणजे मैदानाच्या भिंतींच्या आत कुठेही.

आयोवातल्या एका क्लबाला हे आवडलं. मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर. ग्रुप तिकिटं, माइक, आणि पावसात ताडपत्री. बारमाही जागा. एकाच माणसाची. जानेवारीअखेर प्रत्यक्ष बोलावून माइकवर ऐकणार, आणखीही काही जणांना. विमा कंपनी सोमवारी, २९ जानेवारीला सुरू. आयोवाचं बोलावणं त्याच्या आधीच्या शुक्रवारी.

विनूने कॅलेंडर बघितलं.

२६ जानेवारी २००७, शुक्रवार

पहाटेपासून बर्फ. ते. एकटाच निघणार होता. विनू कोट घालून खाली आला, ऑफिसला आज येत नाही म्हणून कळवलेलं. "या बर्फात तुझी गाडी नको," म्हणाला, आणि स्वतःच्या गाडीवरचा बर्फ खरवडू लागला. शुभाने सूटला इस्त्री केली होती. म्हणाली, आज नाही उपयोगी पडला तर सोमवारी पडेल. मग आत जाऊन देवापुढे दिवा लावला. कशासाठी लावला ते सांगितलं नाही.

मी खिडकीशी. गाडी वळणावर गेली तशी तोंडातून निघालंच. नेपरव्हिलहून सुटणारी, डिकाल्ब, डिक्सन, मोलीनमार्गे... थांबलो. आयोवा. काचेवर वाफ आली.

साडेनऊला विनूचा फोन. डिक्सनजवळ पेट्रोल भरायला थांबले होते. मागे ते.चा आवाज, नावं घोकत होता. विनू म्हणाला, "बाबा, हा परत घाई करतोय. मी सांगतोय त्याला, आडनावाच्या आधी श्वास घे. बरोबर ना?"

मी म्हटलं, बरोबर.

"मग तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही."

म्हटलं, "ऐकेल. तू परत सांग."

दुपारचे तीन वाजून गेले. फोन नाही. शुभा दोनदा विचारून गेली, चहा ठेवू का. म्हटलं, जरा थांब. बाहेर बर्फ पडतोय, आवाज न करता. काय व्हायचं ते होवो, आज एका गाडीत ती दोघं आहेत आणि माझा आवाज तिथे आहे. याहून जास्त मागायचं कशाला.

आपटे गुरुजींच्या कवितेची तिसरी ओळ अजून आठवलेली नाही. येईल.